संसार सांभाळून शिकताना

(विटा येथील कुटुंब मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



ज्या मुक्त विद्यापीठाचा उल्लेख आजच्या विषयात वारंवार येणार आहे, त्याला नाव आहे यशवंतराव चव्हाणांचे. आणि यशवंतरावांचा जन्म देवराष्ट्र्याचा, १२ मार्च १९१३ चा. देवराष्ट्रे आज कडेगाव तालुक्यात आहे, पण अगदी अलीकडेपर्यंत ते आपल्या खानापूर तालुक्यातलेच गाव होते. घरची परिस्थिती बेताची, वडिलांचे छत्र लहानपणीच हरपलेले, त्यात १९३२ साली चळवळीपायी तुरुंगवास. या सगळ्यातून मार्ग काढून ते मॅट्रिक झाले १९३४ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी. त्या काळी ज्या वयात मुले पदवीधर होत, त्या वयात हा मुलगा मॅट्रिकच्या बाकावर बसला होता. महाराष्ट्र शासनाने १९८९ साली नाशिकला मुक्त विद्यापीठ स्थापन केले आणि त्याला हे नाव दिले, तेव्हा हा तपशील कोणाच्या मनात होता की नाही, कोण जाणे. परंतु नाव अगदी योग्य माणसाचे पडले, एवढे खरे.

आज मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे, ती माणसे या सभागृहात बसलेली आहेत. विट्याची ओळख बाहेर तीन गोष्टींनी होते. एक यंत्रमाग. दुसरी अलीकडची, २०२१ च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतील लोकसंख्येच्या शहरांत विटा देशात पहिले आले. आणि तिसरी, सर्वांत जुनी व सर्वांत दूरवर पोहोचलेली ओळख म्हणजे गलाई. सोन्या-चांदीचे जुने दागिने आटवून, मळ काढून शुद्ध धातू वेगळा करणारा हा माणूस दक्षिणेतल्या आणि उत्तरेतल्या कोणत्याही मोठ्या शहराच्या सराफ कट्ट्यावर भेटतो, आणि गाव विचारले की विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव असे उत्तर येते. दुष्काळी पट्ट्यातल्या घरांना या व्यवसायाने उभे केले. त्याबद्दल कृतज्ञता बाळगूनच पुढचे बोलतो. या व्यवसायाने एक किंमतही वसूल केली. नववीत-दहावीत असलेला मुलगा मामाबरोबर किंवा चुलत्याबरोबर परमुलखात गेला, दप्तर खुंटीला अडकले ते अडकलेच. आज तो पंचेचाळीसचा आहे. तमिळ सफाईने बोलतो, भट्टीचा रंग पाहून धातूचा कस सांगतो, व्यापाऱ्याशी लाखांचे व्यवहार शब्दावर करतो. पण बँकेच्या अर्जावर ‘शिक्षण’ या रकान्याशी त्याची लेखणी थबकते.

त्याच्या शेजारी दुसरी खुर्ची आहे पतसंस्थेतल्या कारकुनाची. वीस वर्षे रोकड सांभाळली, कर्जदारांची नावे तोंडपाठ आहेत, पण शाखाधिकारी म्हणून बढती मिळते ती कालपरवा आलेल्या पदवीधराला. सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. ही पदविका मिळवावी म्हटले तर तिलाही आधी पदवी हवी. तिसरी खुर्ची बालवाडीच्या किंवा प्राथमिक शाळेच्या बाईंची. बारावीनंतर डी.एड. केले, नोकरी लागली, लग्न झाले, मुले झाली. २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला आणि सहावी ते आठवीच्या वर्गांना पदवीधर शिक्षक हवेत, असे ठरले. शिकवण्याचा अनुभव बाईंकडे होता, पदवी नव्हती. आणि अगदी ताजी गोष्ट सांगायची तर १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतील शिक्षकांनाही दोन वर्षांत पात्रता परीक्षा उत्तीर्ण होण्यास सांगितले; पाच वर्षांहून कमी काळ उरलेल्यांची नोकरी राहील, पण बढती हवी तर त्यांनाही परीक्षा आहेच. पंचवीस वर्षे मुलांचे पेपर तपासलेल्या हातांना स्वतःचा पेपर सोडवण्याची वेळ आली. त्या निकालाच्या गुणदोषांची चर्चा वेगळी. येथे मुद्दा एवढाच की, शिक्षण एकदाच घ्यायचे आणि जन्मभर पुरवायचे, ही सोय आता कोणत्याच व्यवसायात उरलेली नाही.

आपल्याकडे अशा माणसाने पुन्हा शिकायचे ठरवले की पहिली प्रतिक्रिया घरातूनच उमटते. ‘आता या वयात?’ दुसरी कट्ट्यावरून येते : ‘बढतीसाठी चाललेय सगळे.’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुढे देतो. दुसऱ्याचे आताच देऊन टाकतो. बढतीसाठी शिकणे यात कमीपणा कसला? प्रामाणिक मार्गाने चार पैसे अधिक मिळावेत, मुलीच्या शिक्षणाला कर्ज काढावे लागू नये, कार्यालयात आपल्याहून धाकट्या माणसापुढे उगाच मान खाली घालावी लागू नये, या इच्छा गृहस्थाश्रमाच्या चौकटीतल्याच आहेत. अर्थ हाही पुरुषार्थच आहे. ज्ञानासाठी ज्ञान हे वाक्य फार सुंदर आहे. पण ते बहुधा ज्यांची बढती होऊन गेली आहे, त्यांच्याच तोंडी ऐकू येते.

‘आता या वयात?’ या प्रश्नाचे उत्तर शोधायला दूर जाण्याचे कारण नाही. सातारा जिल्ह्यातले औंध घ्या. आपल्या शेजारची आटपाडी ही औंध संस्थानचाच भाग होती. या औंधात १९१८ साली श्रीपाद दामोदर सातवळेकर येऊन राहिले. त्यांचा जन्म १८६७ चा, म्हणजे वय वर्षे एक्कावन्न. शिक्षणाने चित्रकार, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले. हैदराबादेत आणि लाहोरात चित्रकलेवर त्यांचा चरितार्थ उत्तम चालला होता. संस्कृत लहानपणापासून होते, वेदांचा ध्यास वाढत गेला होता. पन्नाशी ओलांडलेल्या या गृहस्थाने औंधात स्वाध्याय मंडळ उभे केले आणि उरलेले आयुष्य, तेही थोडेथोडके नव्हे, आणखी अर्धशतक, वेदवाङ्मयाला दिले. १९६८ साली निधन झाले तेव्हा ते शंभर वर्षांचे होते.

आजच्या विषयाच्या दृष्टीने मला त्यांच्या कार्यातला एक भाग फार महत्त्वाचा वाटतो, आणि तो आपण जवळजवळ विसरलो आहोत. पंडितजींनी ‘संस्कृत स्वयंशिक्षक’ लिहिला. पाठशाळेत न जाता, गुरू समोर नसताना, दिवसभराचे काम आटोपून घरी बसून संस्कृत कसे शिकावे, याचे ते पाठ होते. व्याकरणाची भीती न घालता आधी सोपी वाक्ये, मग त्यांची फिरवाफिरव, मग नियम. मंडळातर्फे परीक्षाही घेतल्या जात. पोस्टमन पोचतो तेथवर पाठशाळा पोचेल, असा तो विचार होता. आज आपण ज्याला दूरशिक्षण म्हणतो, त्याचा हा एक नमुना रेल्वेही न पोचलेल्या औंधासारख्या गावात, एका प्रौढ माणसाने प्रौढांसाठी तयार केला होता. पुढे ब्रिटनमध्ये १९६९ साली मुक्त विद्यापीठाला सनद मिळाली, जानेवारी १९७१ पासून त्याचे अध्यापन सुरू झाले आणि जगभर त्याचा गवगवा झाला. तो योग्यच आहे, कारण सबंध विद्यापीठ त्या पायावर उभे करणे हे मोठेच काम होते. पण कल्पना आपल्याला परकी नव्हती.

दुसरे उदाहरण पार्वतीबाई आठवले यांचे. महर्षी कर्व्यांच्या मेहुणी. विसाव्या वर्षी वैधव्य आले, पदरी मूल. त्यानंतर त्या अक्षरओळखीपासून पुढे शिकल्या, कर्व्यांच्या आश्रमासाठी गावोगाव हिंडून निधी जमवला. हे सारे करून पन्नाशी जवळ आली असता, इंग्रजी नीट यावे म्हणून १९१८ साली त्या अमेरिकेला गेल्या. तेथे पोट भरण्यासाठी लोकांच्या घरी कामे केली. ही हकीकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. आपल्या कामाला इंग्रजीची गरज आहे, हे ओळखून घेतलेले ते शिक्षण होते. आजच्या भाषेत ज्याला कौशल्यवृद्धी म्हणतात ते हेच, फक्त बोटीचा प्रवास अधिक.

आणि केवळ मोठ्या व्यक्तींचीच गोष्ट नव्हे. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, तेव्हा नांगर सोडून आलेले बापे आणि भाकरी थापून आलेल्या बाया कंदिलाच्या उजेडात पाटीवर अक्षरे गिरवीत बसल्या. तेथून ती मोहीम महाराष्ट्रभर गेली. मोठ्या वयात शिकण्याची लाज या भागाला कधी नव्हती. ती आपल्याला मधल्या काळात चिकटली.

आता व्यवहाराकडे वळतो, कारण उत्साहाच्या भरात फसगत झालेली घरे मी पत्रकार म्हणून बरीच पाहिली आहेत.

ज्यांचे शिक्षण दहावीच्या आधी सुटले, त्यांनी सरळ पदवीचा विचार करू नये. सतरा नंबरचा फॉर्म आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. राज्य मंडळाची दहावी-बारावी खासगी विद्यार्थी म्हणून देता येते. जवळची शाळा केंद्र म्हणून मिळते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची वाटही आहे. मुक्त विद्यापीठाने आपल्या आरंभीच्या काळापासून बारावी नसलेल्यांसाठी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम ठेवला, आणि शेकडो गृहिणी, पोलीस शिपाई, कामगार त्या दाराने आत आले. पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले हे मूळचे भौतिकशास्त्रज्ञ, पुणे विद्यापीठाचे कुलगुरूपद भूषविलेले. ज्ञानगंगा घरोघरी हे ब्रीद त्यांच्या काळात घरोघरी खरोखरच ऐकू आले. परंतु ज्यांना पदवी सरकारी नोकरीतील बढतीसाठी हवी आहे, त्यांना माझा सल्ला असा की, बारावी रीतसर उत्तीर्ण होऊनच पुढे जावे. बारावी न होता मिळवलेल्या पदव्यांवरून न्यायालयापर्यंत वाद गेलेले आहेत. दोन वर्षे वाचवण्यासाठी पुढची वीस वर्षे टांगणीला लावू नयेत.

पुढचा टप्पा पदवीचा. येथे तीन मार्ग आहेत. पहिला, शिवाजी विद्यापीठासारख्या आपल्या विद्यापीठाचे दूरशिक्षण. जुन्या पिढीच्या तोंडी याला अजून ‘बहिःस्थ’ म्हणतात. दुसरा, नाशिकचे मुक्त विद्यापीठ किंवा दिल्लीचे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, जे १९८५ पासून आहे. आणि तिसरा, अलीकडचा, पूर्णपणे ऑनलाइन पदवीचा. व्याख्यान संगणकावर, ग्रंथालय संगणकावर. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० साली दूरशिक्षण व ऑनलाइन शिक्षण यांची एकत्रित नियमावली केली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सूचना काढून स्पष्ट केले की, मान्यताप्राप्त संस्थेची अशी पदवी नियमित महाविद्यालयातील पदवीशी समकक्ष मानली जाईल. ‘पोस्टाची पदवी’ म्हणून नाक मुरडणाऱ्या साहेबाला ही सूचना नम्रपणे दाखवावी.

मात्र त्या वाक्यातला ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द सर्वांत जड आहे. मान्यता विद्यापीठाला असून भागत नाही. त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला, त्या विशिष्ट वर्षी, त्या विशिष्ट पद्धतीने शिकवण्यासाठी असावी लागते. आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची यादी कोणालाही पाहता येते. अभियांत्रिकी, वैद्यक, विधी, परिचर्या, औषधनिर्माण यांच्या पदव्या या मार्गाने घेताच येत नाहीत. २००१ ते २००५ या काळात देशातील चार अभिमत विद्यापीठांनी दूरशिक्षणाने अभियांत्रिकीच्या पदव्या देऊ केल्या. नोकरी करणाऱ्या हजारो पदविकाधारकांनी त्या घेतल्या, त्यांवर बढत्या मिळवल्या. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या पदव्या स्थगित केल्या आणि त्या त्या अभियंत्यांना नव्याने परीक्षा द्यावयास लावली. दहा-बारा वर्षे मिरवलेले पद एका सकाळी वर्तमानपत्राच्या बातमीने डळमळीत झाले. यात लबाड संस्थाचालक होते, तसेच केवळ विश्वासाने पैसे भरलेले कुटुंबवत्सल अभियंतेही होते. विश्वासाने भरलेल्या पैशाची पावती न्यायालयात चालत नाही.

आपल्या भागात बसस्थानकाच्या आसपास फलक दिसतात : ‘एका वर्षात पदवी’, ‘परीक्षेची हमी आमची’. विद्यापीठाला आपले अध्यापन असे कोणाला ठेक्याने देता येत नाही. नियमावली ते मना करते. ऑक्टोबर २०२२ मध्ये आयोगाने, परदेशी विद्यापीठांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या ऑनलाइन पीएच.डी.बाबतही जाहीर इशारा दिला होता. दुकानदार एका वर्षाची पदवी विकत असेल तर तो कागद विकतो आहे, हे समजून पुढे चालू लागावे.

परंतु बनावट विद्यापीठाहून मला जास्त काळजी वाटते ती खऱ्या विद्यापीठातल्या खोट्या अभ्यासाची. मुक्त शिक्षणात घरून लिहून पाठवावयाच्या उत्तरांना शब्द आहे ‘स्वाध्याय’. सातवळेकरांनी आपल्या मंडळासाठी निवडलेला हाच शब्द. तैत्तिरीय उपनिषदात गुरू शिष्याला जो शेवटचा उपदेश करतात, त्यातही स्वाध्यायात कधी कसूर करू नकोस, असे सांगितले आहे. आणि लक्षात घ्या, हा उपदेश शिक्षण सुरू होताना नाही, शिष्य घरी परतायला निघाला असताना केलेला आहे. म्हणजे स्वाध्याय ही गृहस्थाचीच गोष्ट. आज त्या शब्दाचे काय झाले आहे? स्वाध्याय लिहून देणारे लोक पानामागे दर ठरवून बसले आहेत. आता तर तेवढेही कष्ट नकोत. संगणकाला प्रश्न विचारावा, उत्तर उतरवून काढावे. बढती मिळेल कदाचित. पण पतसंस्थेची थकबाकी का वाढते आहे, हे संचालक मंडळापुढे उभे राहून सांगायची वेळ येईल, तेव्हा लिहून देणारा शेजारी नसेल. ज्या घरात वडील दुसऱ्याकडून स्वाध्याय लिहून घेतात, त्या घरातल्या नववीच्या मुलाला कॉपी करू नकोस असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

एक हिशेब सांगतो. तो प्रवेशाआधी नवरा-बायकोने एकत्र बसून करावा. दूरशिक्षणाच्या पद्धतीत एका श्रेयांकाला ३० तासांचा अभ्यास धरलेला असतो. चार श्रेयांकांचा विषय म्हणजे १२० तास. वर्षात असे आठ विषय धरले तर ९६० तास. वर्षाच्या दिवसांनी भागले की रोज अडीच तासांहून थोडे अधिक, तेही सणवार, लग्नकार्य, आजारपण, काही न वगळता. हे अडीच तास कोठून काढणार? यंत्रमागावर पाळी करून आलेल्या माणसाने रात्री काढावेत, तर डोळे मिटतात. पहाटे काढावेत, तर घरातल्या बाईची पहाट आधीच वाटली गेलेली असते : पाणी, डबे, सासूबाईंचे औषध. पुरुष शिकू लागला की घर त्याला वेगळी खोली देते, चहा देते, आवाज करू नका म्हणून मुलांना दटावते. बाई शिकू लागली की ती स्वयंपाकघराच्या ओट्यावर पुस्तक उघडते आणि कुकरच्या शिट्ट्या मोजत ओळी वाचते. माझ्या परिचयातील एका शिक्षिकेने एम.ए.चा पूर्ण अभ्यास असा केला. तिच्या पुस्तकांना हळदीचे डाग आहेत. कौतुकाचे समारंभ घरोघरी होतात. अडीच तासांची वाटणी क्वचित होते. ती करावी, हे मी पुरुषांना उद्देशून बोलतो आहे.

आणि एकटेपणाचे काय करायचे? फुकट आणि उत्तम ऑनलाइन अभ्यासक्रम जगभर उपलब्ध झाले, आपल्या सरकारनेही जुलै २०१७ मध्ये ‘स्वयम्’ सुरू केले. पण अमेरिकेतील दोन नामांकित विद्यापीठांच्या अशा अभ्यासक्रमांचा सहा वर्षांचा आढावा २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की, नाव नोंदवणाऱ्या शंभरांपैकी अखेरपर्यंत पोचणारे तीनच्या आसपास होते. व्याख्याने उत्तम होती, शिकणारेही मूर्ख नव्हते. पण शेजारच्या बाकावर कोणी नव्हते. ज्यांनी पैसे भरून नाव नोंदवले, त्यांच्यात पोचणारे पुष्कळ अधिक होते, हेही खरे. माणसाचे मन असे आहे. यावर तोडगा आपल्या हाताशी आहे. एका गल्लीतील, एका कार्यालयातील चार जण एकाच अभ्यासक्रमाला बसा. आठवड्यातून एकदा, एकाच्या घरी, एकत्र वाचा. शाखेची, भजनी मंडळाची, भिशीची ठरलेली वेळ आपण चुकवत नाही. कारण आपण गेलो नाही तर कोणी विचारणारे असते. अभ्यासाला असे विचारणारे कोणी तरी हवे.

प्रौढ विद्यार्थ्याकडे एक गोष्ट अशी असते, जी वीस वर्षांच्या मुलाकडे नसते. पाठांतर कमी पडते, मान्य. पण अर्थशास्त्राच्या पुस्तकात मागणी-पुरवठ्याचा नियम आला की यंत्रमागधारकाला सुताचे वाढलेले भाव आणि पडून राहिलेले कापड आठवते. नियम त्याने आधीच सोसलेला असतो. पुस्तक त्याला फक्त नाव देते. गलाईवाल्याला रसायनशास्त्रातली आम्लाची क्रिया शिकवावी लागत नाही, तिची समीकरणे तेवढी शिकवावी लागतात. आपल्या बळवंत महाविद्यालयासारख्या ठिकाणच्या प्राध्यापकांनी सुटीत अशा मंडळींसाठी आठ-दहा तास दिले, तर त्यांनाही काही नवे कळेल, असे मला वाटते.

शेवटी कागदपत्रांविषयी, कारण पुष्कळांचा, विशेषतः भगिनींचा, उत्साह तेथेच संपतो. दहावीच्या गुणपत्रकावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे नाव. प्रवेशाच्या वेळी हे जुळत नाही म्हणून अर्ज अडतो. विवाहनोंदणीचा दाखला आधी काढून ठेवा. तो नसेल तर आता नोंदणी करून घ्या, लग्नाला वीस वर्षे झाली म्हणून संकोच नको. नाव बदलले असेल तर राजपत्रातील प्रसिद्धीची प्रत लागते. शाळा सोडल्याचा दाखला हरवला असेल तर ज्या शाळेत शिकलात तेथे जा. जनरल रजिस्टरात नोंद असते, त्यावरून दुसरी प्रत मिळते. प्रवेशाची सत्रे वर्षातून दोन, जुलै-ऑगस्ट आणि जानेवारी-फेब्रुवारी. जाहिरात पाहून धावपळ करण्यापेक्षा कागद एका पिशवीत आधी गोळा करा, माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचा आणि परीक्षा केंद्र कोठे येणार, हे पैसे भरण्यापूर्वी विचारा. आता तुमचे प्रश्न घेतो. मागच्या रांगेतल्या ताईंचा हात मघापासून वर आहे, त्यांना आधी बोलू द्या.